भिंत लागली की थांबायचं

भोईर मिस्त्रीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी त्याची बाजू घेतोय असं वाटलं, तर ते राग गेला म्हणून नाही. ते खरं आहे म्हणून.

मी वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याचा व्यापारी. जुन्नरकडून आलो तेव्हा गोण्या उचलायचो, आता स्वतःचा गाळा आहे, करंजाड्याला फ्लॅट आहे. रायफलीशी माझा काय संबंध? पण माझ्या मुलीला, वैष्णवीला, शाळेत असताना शूटिंगची आवड लागली. कामोठ्यात एका शाळेच्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकून केलेली रेंज होती. हवेच्या दाबावर चालणारी रायफल, दहा मीटरवर कागदाचं निशाण, आणि त्याच्या मधोमध पेनाच्या टोकाएवढा ठिपका. त्या ठिपक्याला लागलं तर दहा. पोरगी जिल्ह्यात आली, मग राज्याच्या स्पर्धेत उतरली, तेव्हा कोचबाई म्हणाल्या, आता हिच्या बोटाप्रमाणे ट्रिगर लावून घ्या. तळोज्याला जा, भोईर मिस्त्रीकडे.

तळोज्याच्या कारखान्यांच्या मागे खाडीकडे त्याचं गाव. जमिनी सरकारने घेतल्यावर बाकीच्यांनी मिळालेल्या प्लॉटवर चार-चार मजले चढवले. याच्या भावांचेही चढले. मिस्त्रीने मात्र जुन्या घरावर एक मजला घालून वर दोन भाडेकरू ठेवले आणि खाली जिन्याच्या पोटातल्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. तीस वर्षं तो एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होता. तिथल्या एका साहेबाची जुनी रायफल कुणालाच दुरुस्त होईना, ती याने केली, आणि तेव्हापासून आसपासचे शूटर त्याच्याकडे येऊ लागले. स्वतः आयुष्यात एकदाही त्याने निशाणावर नेम धरला नव्हता. चष्म्याची एक काच टेपने चिकटवलेली, डोक्याला सुती टॉवेल, आणि उजव्या हाताची तर्जनी कायम अंगठ्याने चोळत राहायची सवय. बिडी नाही, तंबाखू नाही. बोट खराब होतं म्हणायचा.

पहिल्या दिवशी मी रायफल टेबलावर ठेवली आणि किती घेणार विचारलं. त्याने रायफलीकडे पाहिलंसुद्धा नाही. आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "गो, जरा पीठ आन." त्याची बायको तांदळाच्या भाकरीची उकड काढलेल्या पिठाचा गोळा घेऊन आली. त्याने त्याची लिंबाएवढी गोळी केली, टेबलावर ठेवली आणि वैष्णवीला म्हणाला, बोटाने दाब, पण अर्ध्यात थांब. तिने दाबलं, थांबली. त्याने गोळी उचलून चष्म्यापाशी धरली, खळगा बघितला, मान हलवली. मग दुसरी गोळी माझ्यापुढे सरकवली. मी दाबली. माझं बोट थेट टेबलाला लागलं.

"शेट," तो म्हणाला, "तुला एकच टप्पा हाय."

वैष्णवी इतकी हसली की मला राग आवरावा लागला. मग त्याने समजावून सांगितलं, मला नाही, तिला. पण मी ऐकत होतो. चांगल्या रायफलीच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. बोट ठेवलं की तो आधी सहज मागे येतो, तो पहिला टप्पा. मग एका जागी अडतो. त्या अडण्याला तो भिंत म्हणायचा. भिंतीपाशी थांबायचं, श्वास बघायचा, नेम बघायचा, आणि सगळं जुळलं तर जरासं आणखी दाबायचं, की गोळी सुटते. नाही जुळलं तर बोट काढून घ्यायचं. एका टप्प्याचा ट्रिगरही मिळतो, काहींना तोच आवडतो, पण त्यात बोट ठेवलं की निर्णय झालेलाच असतो. "हिला परत फिरता येतं," तो म्हणाला. "हिला दोन टप्प्यांचाच दे."

त्याच्याकडे सोनाराची जुनी पितळी वजनं होती. दोऱ्याला आकडा लावून तो ती ट्रिगरला लटकवायचा आणि किती वजनाला गोळी सुटते ते बघायचा. पण वजनावर त्याचा विश्वास नव्हता. म्हणायचा, "वजन सांगतं किती. कसं ते नाय सांगत." नव्वद ग्रॅमला सुटणाऱ्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्याला किती आणि भिंतीला किती, ही वाटणी वजन सांगू शकत नाही, ती बोटालाच कळते. पहिल्या टप्प्यातच जास्त खर्च झालं तर भिंत पातळ होते, आणि पातळ भिंत शूटरला लागतच नाही. डोळे मिटून तो ट्रिगर ओढायचा, स्क्रूला पाव आटा, म्हणजे पाव फेरा, पिळायचा, पुन्हा ओढायचा. दोन-दोन तास. वैष्णवीचे आकडे त्याने खोलीच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहून ठेवले. त्या दारावर तीस-चाळीस नावं होती, प्रत्येकापुढे आटे. त्यातली काही पोरं शूटिंग सोडून नोकरीला लागली होती, एकाचं लग्न होऊन तो दुबईला गेला होता. पण नाव पुसायचा नाही. परत आला तर, म्हणायचा.

मी त्याच्याशी प्रत्येक वेळी घासाघीस केली. पैशाची नाही, पैसे तो एकच सांगायचा आणि ते इतके कमी होते की त्यावर बोलायची मलाच लाज वाटायची. मी ग्रॅमवर घासाघीस करायचो. रेंजवर इतर पालक म्हणायचे, आमच्या मुलाचा ट्रिगर साठ ग्रॅमवर आहे, आमच्या मुलीचा पन्नासवर. मोठ्या स्पर्धांतले हलकाच ठेवतात म्हणे. मी मिस्त्रीला सांगायचो, नव्वद फार होतात, सत्तर करा. तो म्हणायचा, नाय. मी म्हणायचो, बरं, ऐंशी. तो म्हणायचा, "हा कांदा नाय शेट. पोरीच्या बोटाला नव्वदची भिंत कलते. ऐंशीची कलंल तवा मी सांगन." एकदा मी तासभर बसलो. मधाळ बोललो, चिडलो, उठून निघायचं नाटक केलं, जिन्यापर्यंत गेलो. मार्केटात याला कोणी ना कोणी बळी पडतोच. हा आतून ओरडला, "चप्पल विसरलास." बस.

तो असा नाही म्हणायला लागला की मला आतून बरं वाटायचं. ज्याच्याकडे माल असतो तोच अडून बसतो, हे मला माहीत होतं.

पुढच्या हिवाळ्यात तो मार्केटात आला होता. कांदे हवेत हे निमित्त. त्याला रुमाल बघायचा होता. पूर्वी व्यापारी हातावर रुमाल टाकून त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. तोंडाने बोलायचं नाही, चेहरा हलू द्यायचा नाही. बोटं सांगतील तो भाव. आता तसा व्यवहार चालत नाही, बंदच आहे, पण आम्ही जुने लोक चहा पिताना गंमत म्हणून अजून खेळतो. वैष्णवीने त्याला हे सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो मागे लागला होता. मी रुमाल टाकला, त्याचा हात धरला आणि त्याची तीन बोटं दाबली.

"तीन," तो म्हणाला. मग त्याने डोळे मिटले. "पन तू दोनवर येशील. करंगली ढिली हाय तुजी."

शेजारच्या गाळ्यावरचे दोघे हसून लोळायचे बाकी होते. वीस वर्षं माझ्याबरोबर रुमालाखाली बसलेल्यांना जे कळलं नव्हतं ते याने पहिल्या खेपेत ओळखलं. त्या दिवशी तो पाच जणांबरोबर खेळला, एकदाही चुकला नाही. जाताना मी त्याला पाच किलो कांदा दिला. त्याने त्यातला एक कुजका तिथल्या तिथे काढून माझ्या हातात ठेवला. न बघता, नुसता पिशवीत हात घालून.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतोय की ते बोट काय होतं हे कळावं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत जे दिसत होतं ते मी पाहिलं, पण हिशोबात धरलं नाही. एकदा आम्ही गेलो तेव्हा मिस्त्री नाक्यावरून एकाच पायात चप्पल घालून घरी आला. दुसरी रस्त्यात कुठे निसटली त्याला कळलंच नव्हतं. वैष्णवी ती शोधून घेऊन आली. आम्ही सगळे हसलो, तोही हसला. एकदा त्याच्या तर्जनीवर फोड होता. वैष्णवीने विचारलं, तर म्हणाला, चहाच्या पेल्याने भाजलं असेल. असेल म्हणजे काय, असं ती मला परत येताना गाडीत म्हणाली. मी फोनवर होतो. त्याला साखरेचा आजार आहे हे माहीत होतं, पण आमच्या मार्केटात निम्म्या लोकांना आहे. आणखी एक होतं. आता आम्ही गेलो की त्याची बायको कायम त्याच्याजवळ येऊन बसायची. मला वाटायचं, म्हातारपणी माणसं जवळ येतात.

वैष्णवीचं ज्युनिअर गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. पुण्यात निवड चाचणी होती. राज्याच्या संघात आली असती तर पुढे राष्ट्रीय स्पर्धा, आणि खेळाडूंच्या जागेवर चांगल्या कॉलेजात प्रवेश. दुसरा रस्ता आमच्याकडे नव्हता. अभ्यासात ती बेताची होती, हे तीच सांगायची. सराव चांगला चालला होता, पण मला चैन पडेना. चाचणीच्या चार दिवस आधी मी तिला कॉलेजातून परस्पर घेतलं आणि तळोज्याला गेलो. रायफल टेबलावर ठेवली आणि म्हणालो, मिस्त्री, साठ करा. आता वेळ नाही, आत्ताच पाहिजे.

तो एकटाच होता. बायको माहेरी गेली होती, उरणला, भाऊ वारला म्हणून. तो म्हणाला, उद्या ये. मी म्हणालो, उद्या मला मार्केट आहे. तो म्हणाला, परवा ये. तेव्हा माझा आवाज चढला. मी बोलून गेलो की तुम्हाला माझ्या पोरीचं भलं बघवत नाही, तुम्हाला तुमच्या नव्वदचा गर्व आहे. वैष्णवी म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना." मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं नाही. अंगठ्याने बोट चोळत राहिला. मग म्हणाला, "बरं."

इथे मला कळायला हवं होतं. तीन वर्षं ज्याने एक ग्रॅम सोडला नाही, तो एका दमात तीस सोडतो? मार्केटात कुणी असं केलं असतं तर मी गोणी फोडून आतला माल बघितला असता. न भांडता भाव सोडणाऱ्याकडे माल नसतो, हे मी इतरांना शिकवतो. पण त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकलो.

त्याने स्क्रू पिळले, वजनं लटकवली. साठला बरोबर सुटला. मला दोनदा दाखवलं. डोळे मिटून ओढायचा तो भाग त्याने फार थोड्यात आटोपला. वैष्णवीने खोलीत ओढून बघितला, म्हणाली, वेगळा लागतोय. मी म्हणालो, हलका आहे म्हणून. सवय होईल.

पुण्यात पहिले तेरा शॉट तिने धीराने काढले, प्रत्येक वेळी बोट अगदी घाबरत घाबरत ठेवून. चौदाव्याला ती जरा मोकळी झाली आणि नेहमीसारखं बोट टेकवलं, भिंत शोधायला. भिंत नव्हतीच. नेम यायच्या आत गोळी सुटली आणि निशाणाच्या काळ्या भागाच्याही बाहेर पडली. शूटिंगमध्ये असा एक शॉट म्हणजे संपलं. पण खरं नुकसान पुढे झालं. तिला त्या ट्रिगरची भीती बसली. पुढचा प्रत्येक शॉट ती दचकून मारत होती. मी मागे काचेपलीकडे उभा होतो, तिचे खांदे दिसत होते.

कोचबाईंनी ट्रिगर ओढून बघितला. म्हणाल्या, वजन साठच आहे, पण पन्नास पहिल्या टप्प्यातच जातायत. भिंतीला उरलेत दहा. हे भोईर मिस्त्रीचं काम नाही.

मी म्हणालो, त्याचंच आहे.

पुढच्या रविवारी मिस्त्री कामोठ्याच्या रेंजवर आला. महिन्यातून एकदा तो यायचा, मुलांचे ट्रिगर बघायला. पंधरा-वीस पालक बसले होते. मी सगळ्यांसमोर त्याला जे बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, बोटात दम राहिला नाही तर दुकान बंद करा म्हातारबा, पोरांच्या आयुष्याशी खेळू नका. त्याने ऐकून घेतलं. एवढंच म्हणाला, "वजन बरोबर हुतं, शेट."

त्या वाक्याचा मला आजही राग आहे. वजनावर विश्वास ठेवू नको हे ज्याने मला शिकवलं, तोच वजनाच्या आड लपला. एक शब्द पुरला असता. बोटाला कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी ओरडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, पण दुसरीकडे गेलो असतो.

पालकांनी माझं ऐकलं. तेही माझ्याएवढेच घाबरट. महिन्याभरात त्याच्याकडे जाणं बंद झालं. सगळे पुण्याला जाऊ लागले. वैष्णवीने पुण्याला नेऊन ट्रिगर परत लावून घेतला, पण तिचं बोट काही तिला परत मिळालं नाही. सहा महिने तिने प्रयत्न केला. मग एक दिवस रायफल पेटीत घालून माळ्यावर ठेवली. आता ती पनवेलच्या एका पतपेढीत काउंटरवर बसते. माझ्याशी बोलते, पण त्या विषयावर नाही.

मिस्त्रीची खरी गोष्ट मला तिच्याकडूनच कळली, आणि तीही ती माझ्यावर चिडून बोलली तेव्हा. ती त्याच्याकडे जात होती, मला न सांगता. चाचणीच्या आदल्या दिवाळीपासून त्याच्या बोटांची जाणीव गेली होती. पायांची त्याआधीच गेली होती. वर्षभर तो आमच्या पोरांचे ट्रिगर बायकोच्या बोटाने लावत होता. आम्ही रायफल ठेवून गेलो की तो स्क्रू पिळायचा, त्या ओढायच्या आणि सांगायच्या, आता लागली, आता पातळ झाली. भाकऱ्या थापणारा हात, शिकल्या त्या. आम्ही समोर असलो की आधी ओढून ठरवलेले आटे त्या टेबलाखालून त्याच्या मांडीवर बोटाने सांगायच्या. मी इतकी वर्षं रुमालाखालचे सौदे केले, आणि माझ्यासमोर टेबलाखाली चाललेला मला दिसला नाही.

"मग त्या दिवशी म्हणाला का नाही?" मी तिला विचारलं.

"तुम्ही म्हणू दिलंत का, पप्पा?"

गेल्या महिन्यात कळलं की त्याचा डावा पाय घोट्याच्या वरून कापला. खिळा घुसला होता, चार दिवस त्याला पत्ताच नव्हता. मी गेलो. माफी मागायला नव्हे. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो ओट्यावर खुर्चीत बसला होता, मांडीवर चादर. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं आणि ती आत गेली. जिन्याखालच्या खोलीत आता भाडेकरूच्या सायकली होत्या. दार उघडं होतं. त्याच्या मागच्या बाजूची नावं तशीच होती. वैष्णवीच्या नावापुढे नव्वदचे आटे, साठचे लिहिलेलेच नव्हते.

आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. कांद्याचा भाव विचारला त्याने. पोरगी बरी आहे का विचारलं. मी म्हणालो, बरी आहे. तो आपलं बोट अंगठ्याने चोळत होता, पूर्वीसारखंच. मला काय वाटलं माहीत नाही. मी खिशातला रुमाल काढला. त्याच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. त्याने उजवा हात पुढे केला, मी वर रुमाल टाकला. त्याने जुन्या सवयीने डोळे मिटले, मान जराशी वाकडी केली, ऐकल्यासारखी.

मी त्याची तर्जनी धरली आणि दाबली. मग आणखी दाबली, माझी नखं पांढरी होईपर्यंत.

तो तसाच थांबला होता, डोळे मिटून. थोड्या वेळाने म्हणाला,

"धर ना, शेट. कवाचा थांबलोय."